पॅरामीटर कोणता अन् फील्ड कोणतं? तुमचे प्रश्न

प्रश्न (दर्यापूर): भाऊ, सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवरून बाजारभाव आणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. लिंकमध्ये मोडल प्राइस (ज्या भावानं जास्तीत जास्त माल गेला तो भाव) ७००० टाकलं तरी सगळेच भाव येतात, एररही नाही. काहून?

मोडल प्राइस आपण पाठवायचं नाहीच ना भाऊ, ते तिकडून येते. इनपुट म्हणजेच पॅरामीटर, ते असे: एपीआय की (प्रोग्रामनं डेटा मागायची सोय म्हणजे एपीआय, अन् की म्हणजे तिची तुमची चावी), फॉरमॅट, ऑफसेट (सुरुवातीचे किती रेकॉर्ड सोडायचे), लिमिट (एका खेपेत किती पाहिजे) अन् राज्य, जिल्हा, शेतमाल असे फिल्टर, बस. मिन, मॅक्स, मोडल प्राइस हे उत्तरातल्या रेकॉर्ड्सचे फील्ड, क्विंटलमागे रुपयात. घोळ असा होते की जिल्हा दोन्हीकडे दिसते, म्हणून वाटते रेकॉर्डमध्ये जे दिसलं ते सगळं लिंकमध्ये चालत असन. नाही चालत. अन् बरेच सर्व्हर अनोळखी पॅरामीटर गपचूप सोडून देतात, मले तर ही लय वाईट खोड वाटते, सरळ ४०० चा, म्हणजे ‘मागणीच चुकली’ असा, एरर फेकला असता तर तुमचा वेळ वाचला असता. भावाची चाळणी आता रेकॉर्ड आल्यावर तुमच्या कोडात लावा, पण आधी भाव नंबर म्हणून आला का स्ट्रिंग (नुसती अक्षरं) म्हणून ते पाहा, कारण स्ट्रिंगमध्ये पहिल्या अक्षरापासून तुलना होते अन् ९०० हा ७००० पेक्षा मोठा ठरते!

प्रश्न (आर्वी): लिमिट, ऑफसेट उत्तरातही येतात. मग ते इनपुट का आउटपुट?

दोन्ही. गट नंबर सांगून सातबारा काढला की उताऱ्यावर गट नंबर छापून येतेच, तसंच हे. सर्व्हरनं काय ऐकलं ते तो परत सांगते, तुम्ही १०० मागितले अन् उत्तरात लिमिट १० दिसली तर समजा तुमचं ऐकलंच नाही, सॅम्पल की (पोर्टलवरची नमुन्याची चावी) वापरली की असं होते. टोटल अन् काउंट मात्र फक्त उत्तरातले, टोटल म्हणजे एकूण अन् काउंट म्हणजे या खेपेत आलेले.

प्रश्न (हिंगणघाट): एपीआयच्या पत्त्यात महिरपी कंसात आयडी लिहिलेला असते, तो कशात मोडते?

पाथ पॅरामीटर, म्हणजे पत्त्याचाच भाग असलेलं इनपुट, अन् तो नेहमी द्यावाच लागते.

प्रश्न (मूल): कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ओपनएपीआय फाइल (एपीआयचं ठरलेल्या पद्धतीतलं वर्णन) लिहिते आहे. युजरच्या एकाच स्कीमात (डेटाच्या साच्यात) आयडी अन् पासवर्ड दोन्ही आहेत, वेगळे कसे दाखवू?

ताई, ओपनएपीआय ३.० मध्ये पॅरामीटर्सखाली चारच जागा: पाथ, क्वेरी (लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतरचं), हेडर, कुकी. स्वॅगर २.० मध्ये, म्हणजे ओपनएपीआयच्या आधीच्या आवृत्तीत, बॉडीही (रिक्वेस्टसोबत पाठवायचा मुख्य डेटा) तिथंच बसायची, २०१७ च्या ३.० नं तिले रिक्वेस्टबॉडी म्हणून बाहेर काढलं, त्यामुळं जुनं ट्युटोरियल पाहून लिहाल तर फाइल व्हॅलिडेट होणार नाही, म्हणजे तपासणीत नापास होईल. उत्तरं रिस्पॉन्सेसखाली, स्टेटस कोडप्रमाणं. स्कीमा दोन करायच्या नसतील तर आयडीले रीडओन्ली (फक्त उत्तरात) अन् पासवर्डले राइटओन्ली (फक्त पाठवताना) लावा, मग आयडी रिक्वायर्डच्या यादीत असला तरी ती अट फक्त उत्तराले लागते. पण हे निव्वळ वर्णन आहे बरं, राइटओन्ली लिहिलं म्हणून सर्व्हर पासवर्ड पाठवायचा थांबत नाही, तो कोडातून काढा अन् एकदा खरी रिक्वेस्ट मारून उत्तर डोळ्यानं पाहून घ्या.