ओएम३ स्वस्त पडते, पण पुढं काय?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या सर्व्हर रूमचं काम निघालंय, चौदा रॅक, सगळ्यात लांबची केबल ८० मीटर, आत्ता १० जी (सेकंदाला १० गिगाबिट वेग) चालतंय पण दोन वर्षात १०० जी करायचंय. केबलवाला म्हणतो ओएम३ (मल्टिमोड फायबर केबलचा एक प्रकार) टाका, स्वस्तात होईल. टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, नका टाकू. १० जी ला ओएम३ ३०० मीटर आरामात जाते त्यामुळं आज काहीच जाणवणार नाही, पण १०० जी एसआर४ (मल्टिमोड फायबरवर १०० जी चालवायची पद्धत) आलं की तीच केबल ७० मीटरवर थांबते आणि तुमचं अंतर आहे ८०, म्हणजे सगळं उपसून परत केबल ओढत बसा. त्याच्या वरच्या ओएम४ ला १०० मीटर मिळतात. मला विचाराल तर लांबच्या अंतराला सरळ सिंगलमोड ओएस२ (बारीक कोअरची, लांब पल्ल्याची फायबर) टाका, मॉड्यूल (केबलच्या टोकाला प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) महाग पडतं पण उद्या ४०० जी आलं तरी केबल तीच राहते.

जागा कमी असेल तर एमपीओ ट्रंक (एकाच कनेक्टरमध्ये अनेक फायबर असलेली केबल) घ्या, १२ फायबरची, त्यातल्या ८ एसआर४ ला लागतात, ४ जायला ४ यायला, मधल्या चार रिकाम्या. पोलॅरिटी (एका टोकाची पाठवणारी फायबर दुसऱ्या टोकाच्या घेणारीला जुळते का) मात्र ऑर्डर देतानाच विचारा.

आणि धूळ! सिंगलमोडचा कोअर (प्रकाश जातो तो मधला भाग) फक्त ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक, एक कण बसला तरी लिंक डुगडुगते. कनेक्टर लावायच्या आधी दरवेळी स्कोपखाली (फायबरचं टोक तपासायचा सूक्ष्मदर्शक) बघा, पुसा, परत बघा, नवीन पाकिटातला असला तरी.