ब्रेक मोठे, मग काळजी कशाला?

प्रश्न: माझ्या मामेभावाने सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतलीये, परवा खंडाळ्याचा घाट जोरात उतरताना ब्रेक पेडल एकदम मऊ पडलं, नंतर आपोआप ठीक झालं. तो म्हणतो ब्रेकच्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या) मोठ्या आहेत, काही होत नाही. खरंय का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: अजिबात नाही, आणि प्लीज ती गाडी चेक होईपर्यंत बाहेर काढू देऊ नका. पेडल मऊ पडून गार झाल्यावर ठीक झालं म्हणजे बहुतेक ब्रेक ऑइल उकळलंय, हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं पण पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, मग वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय नुसता आत जातो. साधारण २ वर्षांनी ते बदलायचंच, सेकंडहँड असेल तर आधी तेच.

आणि स्पीड दुप्पट केला की ब्रेकवरची एनर्जी चौपट होते हो! ताशी २०० किमीला ब्रेक दाबायला १ सेकंद लागला तरी गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. डिस्क कितीही मोठी असो, शेवटी रस्ता धरतात ते टायरच, त्यामुळे टायरचं वयही बघा. घाटात खालचा गिअर टाकूनच उतरायला सांगा त्याला.