वैतरणेत सुट्टीच्या दिवशी सोनं शोधायला सक्शन ड्रेज घ्यायचाय. ४ इंची घेऊ की ६ इंची?

नागदेवी स्ट्रीटवर पंप विकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून उत्तर देतोय. ६ इंची डोक्यातून काढून टाका. सक्शन ड्रेज म्हणजे नदीच्या तळाची रेती पाण्यासकट खेचून त्यातलं सोनं गाळणारं, तराफ्यावरचं यंत्र; हा आकडा म्हणजे त्याच्या खेचणाऱ्या पाइपाचा व्यास. २ इंचाचं ४ केलं की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं, मग इंजिन, पाइप, तराफा सगळंच वाढतं. २ इंची एकट्यानं उचलून काठावर नेता येतो, ४ इंचीला जोडीदार लागतो, ६ इंची हा धंदेवाल्यांचा माल.

बाजारात कोणीतरी तुमच्या गळ्यात मडपंप मारेल. त्यात गाळ थेट इम्पेलरमधून, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकातून जातो, गोटे पाती खाऊन टाकतात. खऱ्या ड्रेजचा पंप फक्त पाणी ओढतो आणि जोरानं जेटमधून सोडतो. त्या झोतामुळे मागे दाब कमी होतो आणि रेती, गोटे दुसऱ्या पाइपातून खेचले जातात, पंपाला शिवतही नाहीत. बोअरवेलच्या जेट पंपाचं तत्त्व हेच. त्यामुळे नुसते एचपी विचारू नका, दाब किती देतो ते विचारा. रेती खेचणाऱ्या पाइपाच्या तोंडाला, म्हणजे नॉझलला, पाइपापेक्षा किंचित लहान कडं हवं, नाहीतर दिवसभर पाइपात अडकलेले गोटे ठोकत बसाल.

पण सोनं पकडतो तो स्लूस, म्हणजे आडव्या पट्ट्यांची पन्हळ. सोन्याची घनता १९.३, वाळूची साधारण २.६५, म्हणून सोनं पट्ट्यांमागे बसतं. पाणी फार जोरात सोडलं की बारीक कण मात्र वाहून जातात. मशीन तपासायचं असेल तर गळाचं शिसं ठोकून चपटं करा, त्याचे मोजून वीस तुकडे रेतीत टाका आणि स्लूसमध्ये किती सापडतात ते पाहा. पाच-सहाच मिळाले तर दुकानदाराचं बोलणं सोडून द्या.

आता वैतरणा. तिच्या उगमापासूनचा सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हारसाचा. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. कण मिळतात ते झारखंडच्या सुवर्णरेखेत, केरळच्या चालियारमध्ये, आणि तिथेही परवान्याशिवाय उत्खनन गुन्हाच, कैद पाच वर्षांपर्यंत. इकडे तर सक्शन पंपानं रेती उपसणाऱ्यांच्या बोटी महसूल खातं गॅस कटरनं कापतं. तहसीलदारांना तुम्ही सोनं शोधणारे नाही, रेतीचोरच दिसाल! कॅलिफोर्नियातसुद्धा हे ड्रेज २००९ पासून बंद आहेत.

परदेशात परवान्याच्या जागी जाणार असाल तर २ किंवा अडीच इंची घ्या. नाहीतर आधी पाटी, म्हणजे रेती धुऊन सोनं निवडायचं पसरट घमेलं घ्या आणि झवेरी बाजारात दुकानांपुढचा केर झाडून, धुऊन त्यातला सोन्याचा कीस काढणाऱ्यांचे हात तासभर बघा. त्यांच्याकडे इंजिन नसतं.