160 चौरस फुटात कॉम्प्युटर बसवायचा कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो, 160 चौरस फुटांची खोली आणि माणसं पाच. मुलगी बारावी सायन्सला आहे, मी घरी बसून दोन-तीन दुकानांचे हिशेब टॅलीवर करते. जुना टॉवरवाला कॉम्प्युटर कॉटखाली ठेवलेला, तो या पावसाळ्यात कायमचा गेला. आता मुलीला मॅक मिनी पाहिजे, म्हणते दिसायला इतका सुंदर आहे की लपवायची गरजच नाही. नणंदेचा मुलगा म्हणतो लॅपटॉप घ्या आणि मोकळे व्हा. आणि मिस्टर म्हणतात टीव्ही आहेच की, त्यालाच डबा जोडा, वेगळा स्क्रीन कशाला. तुम्ही सांगा, छोटा, दिसायला नीट आणि घरात मावेल असा कुठला घेऊ?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी टेप घेतली आणि माझ्या टेबलावर मोजून बघितलं. मॅक मिनीचा 2024 चा नवा डबा 12.7 सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच, म्हणजे चहा-साखरेच्या डब्यांच्या रांगेत ठेवला तरी कळणार नाही. पण त्याच्या शेजारचा माझा 24 इंची मॉनिटर 54 सेंटिमीटर रुंद आहे, त्याचा स्टँड वीतभर खोल आहे, पुढे कीबोर्ड, माउस, मागे वायरी, आणि मग बसायला माणूस. हे सगळं मिळून जी जागा जाते ती तुमच्या खोलीत मोठी आहे, डबा त्यात कुठेच नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी कोण कुठे बसून काम करणार ती भिंत ठरवा, मग स्क्रीन, आणि डबा अगदी शेवटी. बहुतेक लोक उलट करतात, डब्याच्या प्रेमात पडतात आणि घरी आणल्यावर तो फ्रीजवर जाऊन बसतो आणि वायर खाली लोंबत राहते.

आता मुलीच्या मॅक मिनीचं. तिची आवड चुकीची नाहीये हो, मला स्वतःला ती वस्तू फार आवडते. 2005 मध्ये पहिला आला तेव्हापासून ॲपलचे लोक त्या एकाच चौकोनी डब्यावर काम करत आलेत, आणि एक गोष्ट त्यांनी खरंच छान केली, पॉवर सप्लाय डब्याच्या आतच बसवला. बाकीच्या बऱ्याच मिनी पीसींना बाहेर विटेसारखा काळा अडॅप्टर असतो, फोटोत तो कधीच दाखवत नाहीत. मॅकला भिंतीपर्यंत एकच बारीक वायर जाते. आवाज जवळजवळ नाहीच, रॅम 16 जीबी सुरुवातीपासूनच. पण तुमच्याकडे टॅली आहे आणि टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं. ज्याच्यावर घरात पैसे येतात ते काम आधी. शिवाय त्या नव्या डब्याला जुना चौकोनी यूएसबी नाही, सगळे छोटे टाइप-सी, म्हणजे तुमचा प्रिंटर, पेनड्राइव्ह, टॅलीची डिजिटल सही असेल तर तिचा पेनड्राइव्हसारखा टोकन, सगळ्याला कनेक्टर लावत बसा. रॅमही नंतर वाढवता येत नाही. भारतात तो आला तेव्हा 59,900 रुपये होता, त्यात स्क्रीन, कीबोर्ड, माउस, कॅमेरा काहीच नाही. मुलगी पुढे डिझाइन किंवा व्हिडिओच्या बाजूला गेली आणि टॅलीचं काम वेगळ्या मशीनवर गेलं तर तेव्हा जरूर घ्या, तिला हे असंच सांगा, उगाच वाईट म्हणून सांगू नका.

ॲपलनंच 2000 साली जी4 क्यूब काढला होता, साधारण वीतभर लांबी-रुंदीचा, पारदर्शक आवरणात लटकवल्यासारखा, आत पंखाच नाही. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे तो. पण महाग होता, त्याच पैशात मोठा टॉवर जास्त काम करायचा, आणि एका वर्षात त्यांनी बनवणं थांबवलं. मी तो एकदा प्रत्यक्ष बघितलाय, अजून डोळ्यासमोर आहे. सांगायचं एवढंच की देखणेपणासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही, फक्त कामात तोटा होता कामा नये.

तुमच्यासाठी मी विंडोज 11 वाला छोटा मिनी पीसी सांगेन. नुसतं टॅली, अभ्यासाचे व्हिडिओ, वर्ड-एक्सेल एवढंच असेल तर इंटेलचा एन100 प्रोसेसर पुरतो. 2023 चा आहे, चार कोअर, 6 वॉटचा, तापतही कमी आणि खातही कमी. मुलगी पुढे कोडिंग वगैरे करणार असेल तर एक पायरी वरचा प्रोसेसर, इंटेलचा आय3 किंवा एएमडीचा रायझेन घ्या. रॅम 16 जीबी, एसएसडी म्हणजे आतली डिस्क 512 जीबी, यात काटकसर नको, पुढे पाच-सहा वर्षं तेच पुरवायचंय. ऑनलाइन घेताना 'बेअरबोन' हा शब्द दिसला की थांबायचं. त्यात रॅम नसते, डिस्क नसते, विंडोज नसतं, नुसता सांगाडा येतो आणि भाव बघून माणूस फसतो.

आणि आता खरी जागा वाचवायची युक्ती. मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूची भोकं असतात, 75 किंवा 100 मिलिमीटर अंतरावर, त्याला वेसा म्हणतात. बऱ्याच मिनी पीसींबरोबर एक पत्र्याची पट्टी येते, ती तिथे लावायची आणि डबा मॉनिटरच्या पाठीला टांगायचा, समोरून काही दिसतच नाही. पण एक बघून घ्या, काही मॉनिटरचा स्टँडच त्या चार भोकांवर बसलेला असतो आणि तुम्ही मॉनिटर धरणारा भिंतीवरचा हात लावणार असाल तर तोही तीच भोकं मागतो. म्हणजे डब्याला जागा राहत नाही. अशा वेळी दोन्ही एकत्र बसवणारी वाढीव प्लेट मिळते ती घ्या, नाहीतर डबा सरळ भिंतीवर स्क्रू करा. डबा मागे गेला की बटण दाबायला हात घालावा लागतो, त्याचाही उपाय आहे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप चालू हो अशी सोय असते, ती लावली की भिंतीवरचं बटण दाबलं की कॉम्प्युटर सुरू. बंद मात्र विंडोजमधूनच करायचा, मग भिंतीवरचं बटण.

खाली भिंतीला दुमडणारी फळी करून घ्या, सुताराला सांगा 60 बाय 40 सेंटिमीटर, रात्री अंथरुणं घालताना ती वर जाते आणि मॉनिटर भिंतीला चिकटतो. आमच्या गिरगावच्या घरात बाबांनी अशीच फळी माझ्या अभ्यासाला केली होती, तिचा एक बिजागर करकरायचा, त्या आवाजावरून आजीला कळायचं मी अभ्यासाला बसले की उठले. जागा नसलेल्या घरात अशी एक फळी म्हणजे मुलीची स्वतःची खोली असते, म्हणून त्या फळीवर चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

टीव्हीचं मिस्टरांना समजावून सांगा. 32 इंचाचे बरेचसे टीव्ही एचडी रेडी असतात, म्हणजे पडद्यावर 1366 बाय 768 ठिपके. मॅच छान दिसते, पण टॅलीचे बारीक आकडे फुटल्यासारखे दिसतात आणि 3 आणि 8 मध्ये गोंधळ होतो, संध्याकाळपर्यंत डोकं चढतं. टीव्ही फुल एचडी असेल तर कधीतरी चालेल. आणि मॅच असताना मुलीनं अभ्यास कुठे करायचा हा प्रश्न राहतोच. त्यापेक्षा 22 इंची फुल एचडी मॉनिटर घ्या, स्पीकरवाला मिळाला तर उत्तम, कारण बहुतेक डब्यांना स्पीकर नसतो आणि कॅमेरा तर कुणालाच नसतो, ऑनलाइन क्लाससाठी वेबकॅम वेगळा धरा.

लॅपटॉपबद्दल नणंदेचा मुलगा अगदी चूक नाही. मुलगी लायब्ररीत किंवा मैत्रिणीकडे अभ्यासाला जात असेल तर लॅपटॉपच घ्या, लाइट गेली तरी चालतो हाही फायदा. पण दिवसाचे पाच-सहा तास हिशेब करायचे तर मान खाली घालून तुमचे खांदे धरतील आणि बॅटरी तीन-चार वर्षांत बसेल. मिनी पीसीला छोटा 600 व्हीएचा यूपीएस लावला तर डबा, मॉनिटर आणि राउटर मिळून लोड इतका कमी असतो की साधारण अर्धा-पाऊण तास सहज निघतो. विजेचंही तसंच, जुना टॉवर नुसता 60 वॉट धरला आणि नवा डबा 15, तर रोज आठ तासांनी महिन्याला 14 युनिट कुठे आणि साडेतीन युनिट कुठे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका खोलीच्या घरात स्वयंपाकघर तिथेच असतं. फोडणीचा तेलकट वाफारा पंख्याच्या पात्यांवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत त्याचा चिकट पिवळसर थर होतो. मी अशी मशीन उघडलीय, कापसानं पुसून निघत नाही, स्पिरिट लागतं. म्हणून डबा गॅसच्या समोरच्या नाही, शेजारच्याही नाही, लांबच्या भिंतीवर. आणि काचेच्या शोकेसमध्ये अजिबात बंद करू नका. माझ्या भाचीचा डबा दिसायला छान म्हणून आम्ही शोकेसमध्ये ठेवला होता, मे महिन्यात तिच्या ऑनलाइन परीक्षेत चाळिसाव्या मिनिटाला गरम होऊन बंद पडला. पोरगी रडली, मलाही फार लागलं, कारण ती जागा मीच सुचवली होती. आजूबाजूला चार बोटं मोकळी हवा पाहिजे म्हणजे पाहिजेच. झुरळांना ऊब आवडते, तर मागच्या न वापरलेल्या पोर्टना रबराची टोपणं लावा, मोबाइलच्या दुकानात मिळतात, हवेच्या जाळ्या मात्र झाकायच्या नाहीत.

प्रश्न : पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहतो, एका कॉटएवढीच जागा माझी. ऑफिसमधून काढलेले छोटे 'टायनी' पीसी सेकंडहँड स्वस्तात मिळतात असं ऐकलंय, घ्यावेत का?

उत्तर : घ्यावेत, मी स्वतः घेतलेत. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा मिनी, हे साधारण एक लिटरच्या डब्याएवढे असतात, कंपन्या तीन-चार वर्षं वापरून विकतात आणि आतलं काम दणकट असतं. मुंबईला आलास तर लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्यात तापकीर गल्लीत विचार. पण दुकानदारासमोर उभं राहून हे बघूनच पैसे दे. प्रोसेसरचा नंबर वाच, आय5-8500टी असेल तर आठवी पिढी, ती आणि पुढची चालेल. 6500टी, 7500टी असेल तर सोड, विंडोज 11 त्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मग बायोस उघडायला सांग, पासवर्ड मागितला तर तो जुन्या कंपनीचा आहे आणि दुकानदाराला माहीत नसेल तर उचलू नको. वायफाय आहे का विचार, ऑफिसात सगळं केबलवर चालतं म्हणून बऱ्याच मशीनमध्ये ते कार्डच नसतं, तीच गत स्क्रीनच्या नेहमीच्या एचडीएमआय वायरीची, मागे फक्त डिस्प्लेपोर्ट नावाची वेगळी भोकं असतात आणि घरी गेल्यावर वायर बसत नाही. अडॅप्टर त्याच कंपनीचा मूळचा घे, लोकल दिला तर नको म्हण. आणि डब्याला कान लाव, पंखा घरघरत असेल तर रात्री कॉटशेजारी झोप लागणार नाही तुला.

प्रश्न : मी सावंतवाडीचा निवृत्त शिक्षक. फक्त मराठी लेखन, मेल आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल. टेबलावर पुस्तकं आहेत, ती हलवणार नाही. कीबोर्डमध्येच कॉम्प्युटर असतो म्हणतात, ते काय आहे?

उत्तर : सर, तुम्ही म्हणताय तो रास्पबेरी पाय 500. 2024 च्या डिसेंबरात आला, दिसायला नुसता पांढरा कीबोर्ड, आत 8 जीबी रॅमचा पूर्ण कॉम्प्युटर, मागे स्क्रीनची वायर लावली की झालं. लेखन आणि मेल त्यावर नीट होतं, मराठी टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखं दिसणाऱ्या पद्धतीत चालतं, इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी येत असेल तर उत्तमच. पण त्यावर विंडोज नाही, त्याच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली आहे, त्यामुळे तुमचं जुनं लेखन एखाद्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये असेल तर आधी ते विंडोजवर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतंच दिसेल. स्क्रीनची वायर मायक्रो एचडीएमआयची लागते, साधी बसत नाही, ती सोबतच मागवा, सावंतवाडीत ऐनवेळी शोधत फिरावं लागेल. व्हिडिओ कॉलला कॅमेराही वेगळा घ्यावा लागतो, आणि मला वाटतं कॉल तुम्ही मोबाइलवरच करा, नातवंडांना घरभर फिरवून पुस्तकं दाखवता येतील.