व्हिडिओ बघून गिटार शिकताय? तुमचे प्रश्न

प्रश्न: आठ महिने व्हिडिओ बघून गिटार वाजवतेय. वीस-पंचवीस गाण्यांची सुरुवात येते, पण एकही गाणं शेवटपर्यंत जात नाही. क्लास लावायलाच हवा का? (कॉलेज विद्यार्थिनी, राजारामपुरी)

लावायलाच हवा असं नाही. पण वीस गाणी तू वीस शिक्षकांकडून उचललीस आणि प्रत्येकाची शिकवण्याची पायरी वेगळी होती. आता एकच क्रमवार अभ्यासक्रम धर. इंग्रजी समजत असेल तर जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे धडे बघ. ते मोफत आहेत आणि पहिल्या कॉर्डपासून (एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटापासून) पुढे नेतात. ते संपेपर्यंत दुसरं काही उघडू नकोस.

गाणं अडतं ते बहुधा कॉर्ड बदलताना. मोबाइलवर एक मिनिट लाव, जी आणि सी या दोनच कॉर्ड घे आणि किती वेळा स्वच्छ बदलता येतात ते मोज. आकडा रोज वहीत लिही. आकडा तीसच्या पुढं गेला की संथ गाणी तुटायची थांबतील.

आणि रेकॉर्डिंग कर, ही माझी कळकळीची विनंती आहे. व्हिडिओतल्या शिक्षकाला तुझं वाजवणं ऐकू येत नाही आणि वाजवताना तुझं सगळं लक्ष बोटांकडं असतं. मग लय कुठं पळाली हे कोण सांगणार? दर रविवारी एक गाणं, चुकलं तरी न थांबता, शेवटपर्यंत वाजवून रेकॉर्ड कर. ऐकायचं मात्र दुसऱ्या दिवशी.

प्रश्न: वय ५१. लेथवर काम करून बोटं जाड झालीत. मुलाची गिटार घरात पडून आहे, पण तार दाबताना जीव जातो. आता या वयात जमेल का? (उद्यमनगर)

जमेल. आधी गिटार तपासू या, मोजमापात तर तुमचा हात बसलेला आहे. तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. चार भरलं तर विशीतल्या पोराचीही बोटं दुखतील.

मग मान, म्हणजे फ्रेट बसवलेला लांब दांडा, बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथं पेटीला मिळते तिथं, अशी एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या फ्रेटवर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. फट पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. फार जास्त असेल तर मान पुढं वाकली आहे. ती आतल्या ट्रस रॉडनं, म्हणजे मानेतल्या धातूच्या सळईनं, सरळ करतात, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मान ठीक असूनही तारा उंच असतील तरच सॅडल (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) काढून खालच्या बाजूनं घासा. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून तिथं अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर उतरवावं लागतं. थोडं घासा, लावून बघा, मग पुन्हा.

एवढं करूनही एक बोट दोन तारांवर पडत असेल तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार हातात घेऊन बघा. तिची मान नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात तिथं) साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलवालीची ४३ च्या आसपास. फक्त नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधी चढवू नका, ब्रिज (पेटीवर तारा अडकवायचा तुकडा) उखडतो.

प्रश्न: दहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले. माझा सा काळी चार. व्हिडिओत सगळं जी या पट्टीत. शिवाय ट्यूनर बरोबर दाखवतो तरी कॉर्ड मला किंचित बेसूर लागते. (मंगळवार पेठ)

पहिलं सोपं आहे. काळी चार म्हणजे जी शार्प, जीपेक्षा अर्धा सूर वर. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि व्हिडिओतले जीचे आकार जसेच्या तसे वाजवा.

दुसऱ्या प्रश्नानं मला फार आनंद झाला. तुमचा कान बरोबर आहे. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. हार्मोनियमचंही तेच. शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला त्या कोल्हापुरात असे कान आजही तयार होतात, याचं मला अप्रूप आहे. पण तो गंधार गोड लागावा म्हणून तार उतरवू नका, दुसऱ्या कॉर्ड बिघडतील. गिटार ट्यूनरप्रमाणंच ठेवा आणि रियाज तानपुऱ्यावरच चालू ठेवा.

प्रश्न: पावसाळ्यात सूर टिकत नाही, तारा गंजतात. (गगनबावडा)

तुमच्याकडच्या पावसात लाकूड ओल धरून फुगतं, वरची फळी उचलते आणि तारा उंच होतात. सॅडल घासायची घाई तेव्हा करू नका, उन्हाळ्यात तारा खाली येऊन खरखरतील. वाजवून झालं की तारा सुक्या सुती कापडानं पुसा, गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसह केसमध्ये ठेवा. बाहेरच्या भिंतीला तर टांगूच नका.