दुधाची किटली आणि १८८ची केस

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. एप्रिल २०२० ची गोष्ट. किटली घेऊन गाडीवरनं म्हशीचं दूध आणायला निघालो होतो, मास्क होता तरी चौकात अडवलं, पोटरीवर दोन काठ्या दिल्या, गाडी जप्त आणि वर सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८. गाडी महिन्यानं सुटली, केसचं काय झालं कुणी सांगेना. आता मुलीकडं दुबईला जायचंय तर पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला तेच निघालं. मेव्हणा म्हणतोय लोकअदालतीत दंड भरा आणि मोकळं व्हा. भरू का? आणि काठीचं काय? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : दादा, आधी मेव्हण्याला गप्प बसवा. दंड भरायचा म्हणजे गुन्हा कबूल करायचा, रक्कम किरकोळ असते पण रेकॉर्डला शिक्षा लागली असंच राहतं.

एफआयआरची नक्कल काढा आणि कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाऊन केस खरंच कोर्टात गेलीय का बघा. नुसता एफआयआर म्हणजे कोर्टात केस चालू असं नाही, आणि पासपोर्टला हाच फरक नडतो. लॉकडाऊनमधल्या १८८च्या केसेस मागे घ्यायचं राज्य सरकारनं २०२२ मध्ये ठरवलं, पण ते आपोआप होत नाही, सरकारी वकिलानं अर्ज द्यायचा आणि कोर्टानं परवानगी द्यायची, तेव्हा तुमचं नाव त्यात गेलं का ते विचारा. केस मागे गेली नसेल तरी मुद्दे आहेत. १८८ला आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टात लागते, नुसत्या पोलिसांच्या चार्जशीटवर चालत नाही. शिवाय कोर्टानं दखल घ्यायची मुदत एक वर्षाची, सुप्रीम कोर्टानं कोविडमुळं २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ वगळला होता, तो वजा केला तरी कधीच संपली. फक्त सोबत कलम ३५३ (सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला) वगैरे लावलंय का बघा, असलं तर गोष्ट वेगळी. एफआयआर रद्द करायला हायकोर्टात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच आहे (त्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते तुम्हाला माहितीच).

काठीचं मात्र खरं सांगतो. शिक्षा कोर्टानं द्यायची, चौकातल्या हवालदारानं नाही, हे लॉकडाऊनमध्येही तसंच होतं. पोलीस सुधारणांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या २००६च्या प्रकाश सिंग निकालानंतर आपल्याकडं २०१४ मध्ये पोलीस कायदा बदलला आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी तक्रार प्राधिकरणाची सोय झाली, कोल्हापूर पुणे विभागात येतं. पण ते गंभीर प्रकरणांसाठी, पोटरीवरच्या वळांसाठी अवघडच. पोलीस ठाण्यात सीसीटीव्हीचा सुप्रीम कोर्टाचा आदेशही डिसेंबर २०२०चा, तोही ठाण्यापुरता आणि रेकॉर्डिंग १८ महिन्यांचं. त्या वेळचा दवाखान्याचा कागद किंवा वळांचा फोटो मोबाईलमध्ये असला तर घेऊन या, नसला तर पासपोर्टच्याच मागं लागा.