वाचक विचारतात: नदीच्या धुक्यातून वाईन?

प्रश्न: फ्रान्समधल्या बोर्दोजवळ एक छोटी नदी आहे आणि तिच्यामुळे द्राक्षं कुजतात, तरी त्याच कुजलेल्या द्राक्षांची वाईन महाग विकली जाते असं ऐकलं. हे खरंय का? आणि त्या नदीचं पाणी वाईनमध्ये घालतात का?

उत्तर: पाण्याचं आधी सांगतो, थेंबभरही घालत नाहीत. बाकी ऐकलंत ते खरंय.

नदीचं नाव सिरों. लांबी जेमतेम ९७ किलोमीटर, लांद भागातल्या ल्युबों गावाजवळ उगम आणि बार्साक नि प्रेन्याकच्या मधून येऊन गारोन नदीला मिळते, संपली नदी. नकाशावर पटकन सापडणारसुद्धा नाही. पण सगळी गंमत तिच्या गारव्यात आहे. लांदची जमीन वाळूची, पाऊस त्या वाळूत मुरतो आणि झऱ्यांवाटे थंडगार होऊन नदीत येतो, वरून दोन्ही काठांना इतकी दाट झाडी की ऊन पाण्यापर्यंत नीट पोचतच नाही, त्यामुळे उन्हाळा संपला तरी पाणी गारच राहतं. गारोन मात्र रुंद, उघडी, उन्हात तापलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री गार व्हायला लागल्या की जिथे या दोघी भेटतात तिथे संध्याकाळपासून धुकं धरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत सोतेर्न, बोम, फार्ग, प्रेन्याक, बार्साक या पाच गावांच्या मळ्यांवर बसून राहतं.

त्या ओलाव्यात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षांवर चढते. मणी आधी सोनेरी असतो, मग त्यावर तपकिरी ठिपके, मग सगळाच जांभळट तपकिरी, आणि शेवटी सुरकुतलेला, वर राखेसारखी लव. बघून कुणीही फेकूनच देईल! पण बुरशीने सालीला बारीक भोकं पाडलेली असतात, दुपारी ऊन आलं की त्यातून पाणी उडून जातं आणि आत साखर, आंबटपणा, वास सगळं घट्ट होऊन उरतं. दुपारचं ऊन मात्र हवंच हां, नाहीतर तीच बुरशी पीक खरंच सडवते. म्हणजे सकाळी धुकं आणि दुपारी ऊन, हे रोज जमलं पाहिजे, तेही तोडणीच्या दिवसांत.

त्यात पुन्हा एका घडातले सगळे मणी एकदम तयार होत नाहीत. म्हणून तोडणारी माणसं त्याच ओळीतून पाच-सहा वेळासुद्धा फिरतात आणि दर खेपेला तयार झालेलेच मणी काढतात. महाग का, याचं उत्तर मला वाटतं इथेच मिळतं.

प्रश्न: म्हणजे ही नदी पहिल्यापासून वाईनसाठीच प्रसिद्ध होती?

उत्तर: छे, पूर्वी ही लाकडाची नदी होती. वरच्या भागातल्या पाइनचे ओंडके बांधून तराफे करायचे आणि प्रवाहावर सोडून गारोनपर्यंत न्यायचे, तिथून पुढे बोर्दोला. वाटेत पाणचक्क्यांचे बंधारे होते, त्यातून तराफा निघावा म्हणून खास वाटा ठेवलेल्या असायच्या. आणि काठावर व्हिलांद्रोला पोप पाचव्या क्लेमेंटचा किल्ला आहे, हा तोच पोप ज्याने १३०९ मध्ये पोपचं ठाणं आव्हिन्योंला नेलं. जन्मही त्याच भागातला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात ती तिथली बीच (beech) नावाची, थंड हवेत वाढणारी झाडं. एवढ्या सखल आणि उबदार भागात बीच सहसा दिसत नाही, पण सिरोंच्या गार दरीत हिमयुगातही ती तग धरून राहिली. आता बोर्दो-तुलूझ हायस्पीड रेल्वे या दरीतून जाणार म्हटल्यावर वाईनवाल्यांनी विरोध केला तो याच झाडीपायी, कारण झाडी गेली की सावली गेली, सावली गेली की पाणी तापलं, मग धुक्याचं काय?

प्रश्न: शातो दीकेम, म्हणजे ईकेम वाईनचा तो सोतेर्नमधला प्रसिद्ध मळा, नदीच्या काठावरच आहे का?

उत्तर: नाही, टेकडीवर आहे, धुकं तिथपर्यंत चढतं. बोर्दोच्या वाईन्सना दर्जा देणारी १८५५ ची अधिकृत यादी आहे, तीत सोतेर्न-बार्साकच्या वाईन्समध्ये सगळ्यात वरचा दर्जा या एकट्यालाच दिला होता. पण मालकांचा हट्ट असा की साल बिघडलं तर ते त्या नावाने बाटलीच काढत नाहीत, २०१२ ला तेच केलं. तेव्हा कुणी तुम्हाला २०१२ ची ईकेम दाखवली तर पाकीट खिशातच राहू द्या.